फिल्टरवरचं धोतर

त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की अजून माझे कान तापतात.

ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्यात एका जिनिंगवाल्या काकाजींच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. शाळा सातवीत सुटलेली, घर तिकडे लांब कोकणात. काकूंनी मागच्या अंगणातली खोली दिली, दोन्ही वेळा ताट वाढलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच नोकरी जाईल ही धास्ती कायम पोटात.

बहिणीच्या लग्नाला गावी जाऊन परतलो, तर गाडीला धाप लागलेली. चढ आला की काळा धूर. जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू उडत असतात; इंजिनाचा हवेचा फिल्टर तुंबला असणार. मी नवा मागितला.

काकाजी हसले. "हवाच त जाते न त्यातून! हवेले काय नवं अन् जुनं? तो फिल्टरचा डबा उघडू नको सांगून ठेवतो. सातवी शिकला अन् मेस्त्री बनून रायला!"

शनिवारी सगळं घर घेऊन जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघालो. अर्ध्या वाटेत, चढावर, गाडी बंद पडली. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर काकाजी ओरडले, "खाऊन टाकली गाडी यानं! सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर पाहतो मी." आणि ती ढकलली कोणी? मीच!

नागपूरच्या बसच्या कंडक्टरला सांगून मी नवा फिल्टर गुपचूप आणवलेला होता. रविवारी सकाळी अंगणात, कोणाला न विचारता, डब्याचा नट सोडवला. झाकण काढलं आणि बघतच राहिलो. फिल्टरभोवती धोतराचा तुकडा दुहेरी गुंडाळून सुतळीनं आवळलेला. वर कापसाची गादीच साचलेली.

चहा घेऊन आलेल्या काकूंनी काठ ओळखला. "अवो, इकडे या! हे तुमचं लाल काठाचं धोतर होय ना? मी घरभर ढुंढून रायली होती!"

काकाजी दारातूनच म्हणाले, "कापूस आत जाऊ नये म्हणून बांधलं मी. हा गावाले गेला होता तवा. पाणी नाही गाळत काय आपण फडक्यानं?"

"पाणी गाळतो, काकाजी. कोणाच्या नाकावर फडकं आवळत नाही."

तोंडातून निघून गेलं. तसाच डबा पुसला, नवा फिल्टर बसवला, नट आवळला. पहिल्याच चावीला गाडी सुरू. धूर नाही, धाप नाही.

"आता कोणता ड्रायव्हर पाहता सोमवारी?" काकूंनी विचारलं. काकाजी चपला घालून निघून गेले.

माफीचा एक शब्द नाही. उलट संध्याकाळी ओट्यावर शेजाऱ्यांना सांगत होते, "हवा अडकली होती. काढली आपण." आपण म्हणे!

तो तुकडा मी स्वच्छ धुतला. पुढं चार वर्षं, रोज सकाळी, काकाजी गाडीत बसायला आले की त्यांच्यासमोर त्याच लाल काठाच्या फडक्यानं काच पुसायचो. हे फडकं कुठलं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.