काहून नावाचा गँगमन

डांबरगोळ्यांचा वास आला की मला अकोल्यातली रेल्वेच्या जुन्या कागदांची ती खोली आठवते. रुळांवर गँगमन असलेल्या आपल्या आजोबांची नोंद शोधायला बाबा मला घेऊन दर्यापूरहून तिसऱ्यांदा तिथे आले होते. बाहेर उन्हाचा तडाखा आणि आत पंखा बंद. तिथल्या कारकून बाबूंनी खुर्चीतून न उठताच सांगितलं, "या नावाचा माणूस रेल्वेत नव्हताच." बाबा भडकले. "मंग आमच्या घरचा रेल्वेचा कंदील काय आभायातून पडला? रजिस्टर आना, मी पायतो." पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. गाव आमचं, वडलांचं नाव बरोबर, पण माणसाच्या नावाच्या जागी इंग्रजीत लिहिलं होतं, काहून. बाबा खो खो हसले. आमचे पणजोबा म्हणे कोणी काहीही विचारलं की आधी "काहून?" म्हणायचे, म्हणजे आमच्या बोलीत "का बरं?". परमुलखातल्या साहेबाने नाव विचारलं तेव्हाही तेच म्हणाले असणार, आणि त्याने ते तसंच लिहून घेतलं. "नाव जुळत नाही," बाबू म्हणाले. पुढच्या रकान्यात ओळखीची खूण होती, डाव्या हाताला सहा बोटं. बाबांनी आपला डावा पंजा उघडून त्या पानावर आपटला. "हे जुयवून पाहा." बाबूंनी सहाव्या बोटाकडे पाहिलं आणि नकलेचा अर्ज पुढे सरकवला. ती नक्कल आता माझ्याकडे असते. परवा एका कचेरीत कोणीतरी मान वर न करता माझ्यावर खेकसलं, "नाव?" आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "काहून?"