खडूच्या खुर्च्या

वालीवला आमच्या कंपनीचं नवं ऑफिस झालं, तेव्हा मी तिथे वॉचमन होतो. जागा आखायला एक बाई यायची. नाव मी कधी विचारलं नाही. टेबलं यायच्या आधीच ती फरशीवर खडूने खुर्च्या काढायची आणि प्रत्येकीत मांडी घालून, डोळे मिटून बसायची. मग पुसायची, पुन्हा काढायची.

मी म्हटलं, “बाई, लोक कामाला येणार, पूजेला नाही.”

ती हसली. “काका, इथे बसून बघा. समोर काय दिसतं?”

“भिंत.”

“भिंत पाठीला हवी, म्हणजे कामात लक्ष लागतं. समोर माणसं हवीत. नाहीतर माणूस घुमा होतो.”

बायको गेल्यापासून गिरीज गावातल्या घरात माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. भिंतीवर तिचा फोटो. दारातून कुणी हाक मारली तरी मी वळत नसे.

त्या संध्याकाळी खुर्ची फिरवली. फोटो पाठीला आला, दार समोर. वाडीतल्या झाडांना पाणी लावून परतणारी शेजारीण थबकली. “अरे वा, आज तोंड दिसलं! चहा आणू?”

“आण,” मी म्हटलं. “तुझाही आण. एकटा नाही पिणार.”