साहेबाचे केस

"हात नको लावू, बाय. डोळ्यांनी बघ."

असं म्हणत आमची मासळीवाली गिऱ्हाईकाच्या मनगटावर ओल्या फडक्याचा फटका मारायची. लागायचं नाही, पण पाणी उडायचं. आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक बाईने तो फटका खाल्ला आहे. मीही खाल्ला आहे. पापलेट घेताना कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघायची मला सवय, आणि त्या सवयीचा तिला भारी राग. "शाळेत पोरांचे कान असेच उघडून बघायचीस काय, आत अक्कल हाय का नाय?"

मुलांनो, तुम्ही तिला पाहिलं आहे. मागे तुम्ही बोईसरला आला होतात तेव्हा धाकट्याने तिच्या टोपलीतल्या जिवंत चिंबोरीकडे बोट नेलं, आणि तिने ते वरच्या वर पकडलं. "तुज्या बोटाचं कालवण नाय करायचं मला," म्हणाली. तुम्ही दोघं खूप हसलात. ती हसली नाही. स्वतःच्या विनोदाला ती कधीच हसायची नाही. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे वाचाल तेव्हा का ते कळेल.

त्यानंतर एकदा व्हिडिओ कॉलवर बोलताना तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्यामागे ते पांढरं पांढरं काय हललं?" मी काहीतरी सांगून विषय बदलला. कारण ती तेव्हा तिथेच, फोनमध्ये दिसणार नाही अशी, दाराआड बसली होती आणि तिला कुणाच्या नजरेला पडायचं नव्हतं. तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर आज देते.

आधी तिच्या हातांबद्दल. आमच्या मागच्या पायरीवर बसून ती मासे साफ करून द्यायची. डाव्या हाताची बोटं माशाच्या मानेत रुतायची, उजव्या हातातला कोयता एकदाच फिरायचा, आणि काम झालेलं असायचं. मी एकदा म्हटलं, "अगं, जरा हळू. बोट कापशील." तर म्हणाली, "हळू केलं तर निसटतो. माशाला इचार करायला टाइम द्यायचा नाय." तिच्या गावातल्या सगळ्याच बायका अशा काम करतात. लहानपणापासून हात तसाच घडतो. बारीकसा मासा असला तरी पकड तीच.

कुत्र्याचं पिल्लू तिला केळव्याला मिळालं. बहिणीच्या घरी हळद होती, म्हणून ती मासे घेऊन गेली होती. सुट्टीच्या दिवशी मुंबईची माणसं गाड्या घेऊन तिथल्या किनाऱ्यावर येतात. त्यांच्यापैकी कुणी ते सोडून गेलं की ते चुकलं, कुणालाच सांगता आलं नाही. सुरूच्या झाडांखाली ते दिवसभर गाड्यांच्या मागे धावायचं आणि परत येऊन बसायचं. लांब पांढऱ्या केसांचं, डोळेही न दिसणारं. तिच्या रिकाम्या टोपलीचा वास घेत ते रिक्षापर्यंत आलं आणि आधी तेच रिक्षात चढलं.

"गाडीतनं आला, गोरा हाय, नि काम कायच करत नाय," ती मला सांगत होती. "मंग त्याला साहेब नाय तर काय म्हणू?"

साहेब तिच्याबरोबर टोपलीत बसून कॉलनीत येऊ लागला. फाटकावरचा राखणदार उत्तरेकडचा. त्याने विचारलं, "मौसी, आज मछली के साथ बकरी भी?" ती म्हणाली, "बकरी तुज्या गावाला. साहेब हाय. सलाम कर." त्याने खरंच सलाम केला. पुढे तो रोजचाच खेळ झाला. एरवी कुणाशी गोड न बोलणारी ही बाई पिल्लाला मात्र "खाल्लास का रे", "ऊन लागतंय का रे" असं विचारत असायची. नवरा कधीचाच गेलेला, मुलगा होडीवर, सून आपल्या कामात. घरी तिला कुणी काही विचारत नव्हतं. साहेब निदान दारात वाट बघायचा.

पण साहेबाचे केस किनाऱ्यावर राहण्यासारखे नव्हते. खारं वारं, वाळू, सुकत घातलेल्या बोंबलांखालची जमीन. महिन्याभरात पोटाखाली आणि कानांमागे जुन्या गादीतल्या कापसासारखे गठ्ठे झाले. पालघरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गठ्ठ्यांखाली कातडी ओली राहून सडायला लागली आहे. केस मोकळे करून रोज विंचरले पाहिजेत. ते जमत नसेल तर गुंगीचं इंजेक्शन देऊन सगळे भादरावे लागतील, पण इतक्या लहान पिल्लाला गुंगी द्यायला ते फारसे राजी नव्हते.

ती माझ्याकडे आली, कारण आमच्याकडे पूर्वी कुत्रा होता हे तिला माहीत होतं. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, पावसाळ्याच्या बंदीमुळे मासेमारी थांबली होती, टोपलीत फक्त सुकट आणि बोंबील. साहेब त्यांच्या शेजारी फडक्याखाली दडून बसला होता. फडकं उचललं तर उजव्या कानामागे जखम.

"हे काय झालं?"

"कुतऱ्यांनी चावला. आमच्याकडचे कुतरे लय वंगाळ."

जखम सरळ होती, फूटपट्टीने आखल्यासारखी. दातांची जखम अशी नसते. मी तिच्याकडे पाहिलं. ती टोपलीतली सुकट निवडू लागली, जी तिने घरून निवडूनच आणली होती. मी जखम धुतली, हळद लावली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सुरुवात केली. कपाटातून जुन्या कुत्र्याची बोथट दातांची फणी काढली आणि नुसती जमिनीवर ठेवली. साहेब लांबून बघत राहिला. फणीजवळ चिमूटभर सुकट टाकली. तो मान लांब करून सुकट खाऊन पळाला. मग फणी माझ्या हातात आणि सुकट तळहातावर. मग फणीची पाठ नुसती खांद्याला टेकवायची आणि काढून घ्यायची. तिला हे सगळं पोरखेळ वाटत होतं. "एवढ्या वेळात मी दहा किलो बोंबील साफ करीन," ती म्हणायची. पण बघत बसायची. मी गठ्ठ्यांना खोबरेल तेल चोळून बोटांनी ते सोडवायला लागले. केस मुळाशी धरायचे, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. काही दिवसांत साहेब माझ्या मांडीवर डोळे मिटून पडू लागला.

"आता तू," मी म्हटलं.

तिने फणी घेतली. तिच्या बांगड्या वाजल्या. साहेब ताठ झाला, त्याच्या पोटाखाली माझ्या साडीवर ओल पसरली, आणि दुसऱ्या क्षणी तो टेबलाखाली होता.

"घाबरट," ती म्हणाली. "बायल्या मेला."

दुसऱ्या दिवशी ती बांगड्या घरी काढून ठेवून आली. हातात उरली ती नुसती दोऱ्यासारखी एकेक, न वाजणारी, सोन्याची नाही, पितळेची. तरी तेच झालं. मी तिला शिकवत होते, तेही लिहिते: "समोर बस. त्याच्या डोळ्यांत बघ. प्रेमाने बोल." ती गुडघे दुखत असतानाही जमिनीवर बसायची, चेहरा त्याच्या चेहऱ्याजवळ न्यायची आणि एरवी कधी न काढलेल्या बारीक आवाजात "ये रे माज्या राजा" म्हणायची. राजा भिंतीला चिकटून थरथरायचा. हाच साहेब तिच्या हातून खात होता, तिच्यामागून चालत होता, रात्री तिच्या पायांशी झोपत होता. फक्त तिचे दोन्ही हात एकदम त्याच्याकडे आले की संपलं.

बाजारात ही गोष्ट पसरली. सुकट विकायला शेजारी बसणाऱ्या बायका तिला छेडायच्या, "काय गं, साहेब बोईसरच्या बायकडं केस करून घेतो नि तुला शिवू देत नाय?" त्यावर दणकून उत्तर देणारी ही, एका शब्दाने बोलत नव्हती. मला हे राखणदाराने सांगितलं. फाटकावर तिने त्याला सलाम करायला सांगणंही सोडलं होतं.

माझी अडचण वेगळी होती. रोज विंचरायला ती पालघरच्या पलीकडून कायम माझ्याकडे येऊन बसणार नव्हती. बंदी उठली की तिला पहाटे जेटीवर उभं राहावं लागणार, आणि मग दिवसभर मासे विकायची घाई. साहेबाला तिचाच हात हवा होता आणि तोच त्याला चालत नव्हता.

मग एका दुपारी ती आली ती साहेब, त्याची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, वाटी आणि त्याचं झोपायचं पोतं घेऊन. सगळं पायरीवर ठेवलं.

"ठेव याला तुज्याकडं."

"का गं?"

"तुज्या हाताला भीत नाय तो. सुखानं ऱ्हाईल."

"आणि तू?"

"माजं काय. मी आधी पण होतीच की."

ती पायरीवर बसली, पण आमच्याकडे पाठ करून, शेवग्याच्या झाडाकडे तोंड करून. पदर तोंडावर धरला. मांडीवर चढलेल्या साहेबाला मी खाली ठेवलं आणि फणीतले केस काढत बसले. मग ती झाडाला सांगितल्यासारखी बोलायला लागली.

"कुतऱ्यांनी नाय चावला त्याला."

फणीवरचा माझा हात थांबला.

"मी कापला. डॉक्टरकडनं आली नि म्हटलं, ह्याला काय एवढं, एका फटक्यात काढते. कातर घेतली. मासा धरते तसा धरला गं. मानेला, दाबून. तो हलला नि कातर आत गेली. वरडला बाय. पोर वरडतं तसा वरडला."

"होतं असं," मी म्हटलं. "आमच्या कुत्र्याचं नख कापताना माझ्याकडूनही रक्त आलं होतं."

"तू सोडला असशील."

"म्हणजे?"

"वरडल्यावर तू हात सोडला असशील. मी नाय सोडला. तो वरडत व्हता नि मी आणखी दाबला. पुरा गठ्ठा कापला नि मंग सोडला. हाताला सोडायची सवयच नाय ना. एवढा जीव तो, माज्या तोंडाकडं बघत व्हता, नि मी त्याच्या डोळ्यात बघून कापला."

इतकी वर्षं मी तिला ओळखते. भाव पाडायचा नाही, नजर पाडायची नाही, अशी बाई. तिची पाठ हलत होती. मला तिच्याकडे बघवेना. दुसऱ्याची लाज इतक्या जवळून बघायची नसते. मी खाली बघितलं, म्हणून मला दिसलं की साहेब उठला आहे.

तो पोट घासत पुढे गेला. तिच्या कमरेपाशी थांबला. वास घेतला. मग वळून गोल फिरला आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसला.

ती दगडासारखी झाली. "गेला काय तो?"

"नाही. बसलाय."

"कुठं?"

"तुझ्या पाठीशी. वळू नकोस."

मी इतके दिवस तिला समोर बसवत होते, डोळ्यांत बघायला सांगत होते. कातर लागली तेव्हा तिचा चेहरा नेमका तिथेच, तेवढ्याच अंतरावर होता. ते मला तेव्हा, तिची पाठ बघताना समजलं. मी फणी तिच्या मागे, तिच्या हाताला लागेल अशी ठेवली. तिचा हात चाचपडत मागे आला. आधी केसांना लागला. साहेब शहारला, पण उठला नाही. हात तसाच राहिला. मग बोटांनी फणी शोधली, आणि झाडाकडेच बघत तिने ती अंदाजाने एकदा वरून खाली फिरवली. थांबली. परत फिरवली. साहेबाने मान खाली ठेवली.

मी चहा करायला आत गेले. चहा होऊन गार झाला तरी बाहेर नेला नाही.

संध्याकाळी तिने वाटी आणि पोतं परत टोपलीत ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणाला सांगू नको." मी तेव्हा हो म्हटलं होतं. तुम्हाला सांगते आहे ते नाव न घेता, आणि तुम्ही फार लांब आहात म्हणून.

पुढच्या हंगामात तिचे गुडघे अगदीच गेले. आता टोपली घेऊन सून येते. सून गोड आहे, कल्ला उचलू देते, फडकंही मारत नाही, त्यामुळे मासे घेण्यात काही गंमत उरलेली नाही. सासू एडवणला मुलीकडे राहते, साहेबासकट. परवा मी विचारलं, कुत्रा कसा आहे? सून हसायला लागली.

"लय माजलाय. आमच्या आयला ओढत नेतो वाळूवर, केस विंचरायला. लोक बघायला थांबतात, एवढा पांढरा झालाय. पण आमची आय येडी. अजून त्याच्याकडं पाट करूनच विंचरते. तो मारे हिच्या तोंडासमोर येऊन बसतो, हात चाटतो, तर ही फिरून दर्याकडं तोंड करते. म्हटलं, आये, आता कुठं भितो तो? तर बोलत नाय. तुमाला काय म्हाईत हाय काय?"

"नाही," मी म्हटलं, आणि टोपलीतला हलवा साफ करून द्यायला सांगितला.