माकणीत सापडलेला शेवटचा अंक

दाजीबांचं साप्ताहिक अचानक का बंद पडलं, एवढं एकच विचारायला मी माकणीला गेले. एकोणिसाव्या शतकात या माणसाने माकणीहून सोलापूर गाठलं, शिळाछापावर, म्हणजे दगडावर मजकूर उमटवून, साप्ताहिक काढलं, वर मुलींसाठी शाळा चालवली. आमच्या सोलापूरच्या वाचनालयात त्याचे बांधीव अंक आहेत. एका अंकानंतर मात्र काहीच नाही. "सरकारला घाबरला असणार," ग्रंथपाल काका म्हणाले. मला ते पटेना. शेवटच्या अंकातही मामलेदाराला चांगलं झोडपलं होतं.

सकाळच्या एसटीने तासाभरात नळदुर्ग. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीची जागा हवी असेल तर लवकर जा. किल्ल्याला निदान तीन तास हवेत. मी बाहेरूनच बघून घेतला. हायवेवर ट्रकांच्या रांगेमागे एक धाबा आहे, तिथली ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी सोडू नका. पुढे लोहाऱ्यापर्यंत दुसरी एसटी, तिथून माकणीला जीप. ती भरेपर्यंत हलत नाही.

माकणीच्या चहाच्या टपरीवर विचारलं, "छापखानेवाल्या दाजीबांचं घर कुठं?"

"छापखानेवाले कोण की," चहावाला म्हणाला. "विहीरवाले दाजीबा हायत आमचे. त्या सरूबाईच्या घरचे."

सरूबाई सत्तरीच्या. दाजीबांच्या भावाच्या घराण्यातली सून. त्यांनी आधी पाणी दिलं, मग माझं ऐकून घेतलं.

"पेपर काढायचे? ते न्हाय ठाऊक, बाई. पण त्यांचा दगूड हाय आमच्यात. लई गुळगुळीत. पिठाचा डबा ठिवतो त्याच्यावर."

डबा आम्ही दोघींनी मिळून बाजूला केला. खाली पिवळसर, जाड फरशी. तिच्यावर पुसट अक्षरं.

"कानडी असंल," सरूबाई म्हणाल्या.

कानडी नव्हती. मराठीच होती, पण उलटी. छापण्यासाठी दगडावर मजकूर उलटा असतो! मी विचारलं, "आरसा आहे का हो?"

त्यांनी भिंतीवरचा आरसा काढून धरला आणि मी अडखळत वाचत गेले. पुढला अंक निघणार नाही. गावच्या विहिरीला खडक लागला आहे. लोक तहानेने गाव सोडताहेत. तो फोडायच्या सुरुंगासाठी छापण्याचे यंत्र विकले. वाचकांनी राग मानू नये.

हा मजकूर छापलाच गेला नव्हता. त्याआधीच यंत्र गेलं असणार. दाजीबा गावी परतले ते हा दगड घेऊन.

सरूबाईंनी आरसा परत भिंतीवर टांगला. मग म्हणाल्या, "तिकडं लोक काय म्हणत्यात त्यांना?"

"घाबरून बंद केलं म्हणतात."

"मग सांगा की त्यांना जाऊन!" त्या तडकल्या. "चला, विहीर दावते."

विहीर गावाबाहेर, धरणाच्या वाटेवर आहे. खाली उतरायला दगडी पायऱ्या. पहिल्या दिवसापासून सगळ्या जातींना इथं पाणी भरायची मुभा होती, हे सरूबाईंनी दोनदा सांगितलं. मी ओंजळभर प्याले. थंडगार, किंचित मचूळ.

परत त्यांच्या घरी आल्यावर, दगड वाचनालयाला द्याल का, असं भीतभीतच विचारलं. "न्हाय. फोटू न्या," त्या म्हणाल्या. पण डबा परत त्यावर ठेवला नाही.

घरी येऊन आठवडा झाला. मामलेदाराशी भांडणारे दाजीबा मला आधीपासून आवडत होते. पण आपलं भांडायचं साधनच विकून टाकणं मला जमलं असतं का, ते अजून सांगता येत नाही. काल फोटो घेऊन वाचनालयात गेले. काकांनी चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं. मग शेवटचा खंड काढला, एका चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलं आणि मागच्या कोऱ्या पानावर डकवलं : "बंद पडण्याचे कारण – विहीर. पाणी लागले."