चपला बाहेर, हात तसेच

आमच्या वॉर्डाच्या दाराशी चपलांची रांग असायची. मोठे डॉक्टरसुद्धा आपल्या चपला तिथंच काढायचे आणि आत येताना म्हणायचे, "स्वच्छता म्हणजे स्वच्छता!" आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. पायांचं एवढं सोवळं, आणि हात मात्र या खाटेवरून त्या खाटेवर तसेच.

ऐंशीच्या दशकात हुबळीच्या देशपांडे नगरातल्या एका खाजगी इस्पितळात मी नर्स होते. अळणावरकडच्या एका खेड्यातली तरुण बाई आमच्याकडे दाखल होती. आतड्याला पीळ पडून बरंचसं आतडं कापून टाकावं लागलं होतं. पोटात पाण्याचा घोटही टिकत नव्हता. म्हणून गळ्याच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत नळी घालून तिला बाटलीतून अन्न देत होतो.

तिच्या उशाशी मी कागद चिकटवला होता: ही नळी फक्त जेवणाची, यातून रक्त काढू नये, इंजेक्शन देऊ नये. पट्टी मी स्वतः बदलायचे, साबणानं हात घासून, तोंडाला फडकं बांधून. जंतू या नळीत शिरले तर थेट रक्तात जातात, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

एका सकाळी मोठ्या डॉक्टरांनी शेजारच्या खाटेवरचा पू भरलेला पाय दाबून पाहिला आणि तसेच इकडे वळले. बाईच्या हाताची शीर सापडेना. त्यांनी सरळ नळीचा जोड उघडला आणि त्यातूनच इंजेक्शन दिलं. मी समोरच उभी होते. "सर..." एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले.

दोन दिवसांनी तिला हुडहुडी भरली. बाटली सुरू केली की खाट हलावी अशी कापायची. डॉक्टरांनी तिच्या कपाळावरचा अंगारा पाहिला आणि तिच्या म्हाताऱ्या आईवर तोंड सोडलं. "तुमच्या या राखेनंच ताप आणला!" त्यांनी म्हातारीला वॉर्डाबाहेर काढलं. अंगारा कपाळावर होता, पट्टीला कणभरही लागलेला नव्हता. मला ते पक्कं ठाऊक होतं. तरी मी खाली मान घालून तापाचा तक्ता भरत राहिले.

नळी काढावी लागली. तिचं टोक तपासायला पाठवलं, अँटिबायोटिक सुरू झालं. तोवर हाताच्या मुश्किलीनं सापडलेल्या शिरेतून नुसतं ग्लुकोज. पोरगी डोळ्यांदेखत वाळत होती. ताप उतरल्यावर दुसऱ्या बाजूला नवी नळी घातली.

त्या दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या आईला मी सांगितलं, "अव्वा, बाटलीतलं ते औषध नव्हे, तुमच्या लेकीचं जेवण आहे. न धुतलेल्या हातानं शिवलं की जंतू आत जातात. ताप अंगाऱ्यानं नाही आला."

"मग कुणाच्या हातानं आला?" तिनं विचारलं.

मी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर फेरीला आले. त्यांचा हात नळीकडे गेला तशी म्हातारी दारातून आत आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात साबणाची वडी.

"अप्पा, कै तोळकोरी. हात धुवा की. माझ्या लेकीचं जेवाण हाय ते."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. पण जेवणाआधी हात धुवा म्हणणाऱ्या आईला ते तरी काय उत्तर देणार? त्यांनी खाटेजवळच्या बादलीवर ओंजळ धरली आणि तिनं हातांवर पाणी घातलं.

काही आठवड्यांनी पोरीला पहिल्यांदा तांदळाची पेज द्यायची होती. पहिला चमचा मी भरवणार होते. म्हातारी तांब्या घेऊन पुढे आली. मी नुकतेच धुतलेले हात तिला दाखवले.

"अक्का, तुमी बी," ती म्हणाली.

मी पुन्हा हात पुढे केले.