दृष्ट कुणाची

मीठ-मोहरी आणि मिरच्या निखाऱ्यावर पडल्या, की मला तिसगावची ती तिन्हीसांज आठवते.

दुष्काळाचं साल. मालक बाहेरगावी. दिवसभर खडी फोडून आलेली मी, आणि दीड वर्षाचा बाळू रडायचा थांबेना. मी त्याला धपाटा घातला. पुन्हा हात उचलला, तोच शेजारच्या जैनूमावशी दारात दिसल्या. त्यांनी बाळूला खांद्यावर घेतलं, मूठभर मीठ-मोहरी आणि मिरच्या उचलल्या, आणि माझ्यावरून ओवाळू लागल्या.

"मावशी, रडतंय ते लेकरू!"

"त्याला काय झालंय? दृष्ट तुला लागलीया. गप बस."

मिरच्या चुलीत तडतडल्या. ठसका कुणालाच आला नाही.

"बघ, लई मोठी हुती. उद्यापासनं ह्याला माझ्यापाशी ठेवून कामावर जा."

मी ढसाढसा रडले. तेव्हा वाटलं, दृष्ट उतरली. माझा उगारलेला हात मावशींनी पाहिला होता, हे फार उशिरा उमगलं.

काल सुनेनं रडत्या नातवावर हात उगारला. मी मीठ-मोहरी घेऊन तिच्यापुढं उभी राहिले.

"आई, बाळ तिकडं आहे."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "तू बस."