चौथ्या गाण्यातला घोडा

“बाई, घोडा चालतोय का पळतोय, तेवढं सांगा.”

पियानोवर बसलं की मास्तरांचा पहिला प्रश्न हाच. गाण्याची लय किती ठेवायची, हे विचारायची ही त्यांची पद्धत. मी तेव्हा नोएडातल्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होते. काचेपलीकडून मी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, “चालतोय, पण जरा घाईत आहे.” तेवढं त्यांना पुरायचं.

तुम्ही म्हणाल, नोएडात घोडा कुठून आला? तर आमचे हे मास्तर अमेरिकन कंट्री संगीत वाजवायचे. म्हणजे तिकडची गावाकडची गाणी: घोडा, धूळ आणि सोडून गेलेली बायको. मास्तर सोलापूरकडच्या एका लहानशा गावातले. तिथल्या मिशन दवाखान्यातला अमेरिकन डॉक्टर परत जाताना रेकॉर्डांची एक पेटी मागे ठेवून गेला, आणि त्या ऐकून ऐकून हे बिघडले. स्वतःची बायको मात्र कधी सोडून गेली नाही. उलट रोज डब्यात थालीपीठ द्यायची.

देशाचा बाजार परदेशी मालाला नुकता मोकळा झाला होता आणि जीन्सपासून ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येकाला अमेरिकन सूर हवा होता. सगळ्यांत जास्त हवा होता तो गुडगावच्या बिल्डरांना. म्हशी हाकलून बांधलेल्या इमारती, आणि त्यांच्या जाहिरातीला कुरणाचं संगीत! “आमच्या गावात खरं कुरण आहे,” मास्तर म्हणायचे, “पण तिथं पियानो कुणी मागितला नाही बघा.”

त्यांच्यात खोट एकच, पाय. मास्तर वाजवायला शिकले ते चर्चमधल्या पायपेटीवर, वडिलांच्या हाताखाली. पायांनी भाता मारायचा, तेव्हा कुठे सूर निघायचा. पियानोला भाता नसतो हे मास्तरांच्या हातांना कळलं होतं, पायांना कधीच कळलं नाही. टप-टप, टप-टप, आणि ते सगळं माझ्या माइकमध्ये! मी चपला काढायला लावल्या. मोजे घालायला लावले. शेवटी घरून गालिच्याचा एक तुकडा आणून पियानोखाली टाकला. मास्तर ओशाळून म्हणायचे, “बाई, चर्चमध्ये वडीलही हेच ओरडायचे. लोक प्रार्थना करतायत, पाय हळू मार.”

या वडिलांचा एका गोष्टीवर विश्वासच नव्हता, की आपल्या मुलाला दिल्लीत कुणी पियानो वाजवायला बोलावतं. “नाव छापलेलं दाखव,” एवढंच म्हणायचे. आता जाहिरातीवर वाजवणाऱ्याचं नाव कोण छापतं? मास्तर हे हसून सांगायचे, पण त्यांना ते फार लागलेलं होतं.

मग एका बिल्डरच्या मुलाने स्वतःची कंट्री कॅसेट काढायचं ठरवलं. तो एवढी मोठी टोपी घालून गायचा की टोपी सारखी माइकवर आपटायची. मास्तरांनी त्याच्यासाठी जीव ओतला, कारण कव्हरवर नाव छापायचं कबूल झालं होतं. चौथ्या गाण्यात ते असे रंगले, की पाय गालिच्याबाहेर गेले. टप-टप. मी रेकॉर्डिंग थांबवायला गेले, तर गाणारा उड्याच मारायला लागला. “मॅडम, रहने दो! बिल्कुल घोड़ा लग रहा है!”

मास्तरांनी मला हात जोडले. “पुसून टाका हो बाई. वडील ऐकतील.” पण कॅसेट त्या मुलाची. टापा राहिल्या.

कॅसेट आली. कव्हरवर आभार होते: मम्मी, पापा, तिन्ही मामा, सेक्टर चौदाचे ताऊजी आणि घरचा कुत्रा. पियानोवाल्याला जागा उरली नव्हती. “क्या करूँ मॅडम, ताऊजी नाराज हो जाते,” मुलगा म्हणाला. मास्तरांनी कव्हर दोनदा उलटसुलट करून पाहिलं. “कुत्र्यानंही काहीतरी वाजवलं असेल,” म्हणाले आणि कॅसेट खिशात टाकली. मला त्या न पाहिलेल्या ताऊजींचा भयंकर राग आला. मास्तरांनी मात्र ती कॅसेट तशीच गावी वडिलांना पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी स्टुडिओचा फोन वाजला. पलीकडे खणखणीत म्हातारा आवाज. “तुमच्याकडं माझा मुलगा पियानो वाजवतो, त्याला निरोप द्या. चौथ्या गाण्यात पाय वाजलाय. लहानपणापासून सांगतोय!” आणि फोन ठेवलासुद्धा.

मी आत जाऊन निरोप दिला. मास्तर स्टुलावरच माझ्याकडे वळले.

“मुलगा पियानो वाजवतो, असं म्हणाले?”

“हो.”

“आणि पाय वाजलाय म्हणाले?”

“चौथ्या गाण्यात.”

त्यांनी चष्मा काढून पुसला, डोळे पुसले, परत चष्मा पुसला. मग दिवसभर येईल त्याला सांगत सुटले, “आज वडिलांनी मला झापलं!”

पुढे वडिलांचे गुडघे गेले, चर्चमधली त्यांची पायपेटी बंद पडायची वेळ आली, तेव्हा मास्तर बिऱ्हाड आवरून गावी गेले. यथावकाश स्टुडिओही बंद झाला. तो गालिच्याचा तुकडा आता दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या फ्लॅटच्या दारात आहे. बरोबर दोन पावलांएवढा झिजलेला. “आई, फेक ना यार हा,” मुलगी म्हणते. मी फेकत नाही.

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी कधीकधी त्या झिजलेल्या जागी उभी राहते. त्या वेळी तिकडे चर्चमध्ये मास्तर भाता मारत असतील. पहिल्या बाकावरून वडील अजून त्यांच्यावर ओरडत असावेत, एवढीच माझी प्रार्थना.